भाव औषधाचा की नावाचा?



मैत्रिणींनो, बचत गटांच्या समन्वयाचं काम करताना महिन्याला बऱ्याच गटांची रजिस्टरं माझ्या नजरेखालून जातात. कर्ज कशासाठी घेतलं, या रकान्यात काय काय लिहिलेलं असतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, लग्न. आणि जवळपास प्रत्येक पानावर एक शब्द असतोच, ‘आजारपण’.

शेळीसाठी घेतलेलं कर्ज शेळी फेडते. मशीनचं कर्ज मशीन फेडते. आजारपणाचं कर्ज कोण फेडणार? ते आपल्या मजुरीतून, कापूस वेचणीच्या पैशातून, नाहीतर दुसऱ्या कर्जातून फिटतं. आपल्याला वाटतं, हा पैसा डॉक्टरच्या फीमध्ये गेला. पण नीट हिशेब मांडला तर बऱ्याच घरांत सगळ्यात मोठा वाटा मेडिकलच्या बिलाचा निघतो. बीपी आणि शुगर असलेल्या घरात तर हे बिल दर महिन्याला ठरलेलं. सणवार चुकेल, पण ते चुकत नाही.

म्हणून आज औषधाच्या दुकानांचा इतिहास सांगणार आहे. राजाराणीच्या इतिहासापेक्षा हा आपल्या जास्त कामाचा आहे. देशभर एकाच नावाची, एकाच भावाची १५ हजारांहून जास्त दुकानं उभी राहिली आहेत, ती जन औषधी केंद्रं. ती कुठून आली, सहा वर्षं का रखडली, मग एकदम कशी वाढली, आणि आपल्या जळगाव-धुळ्याच्या खेड्यातल्या बाईला त्यांचा किती उपयोग होतो, हे क्रमाने पाहू.

पोस्टातली पुडी

सुरुवात जुन्या काळापासून करू. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला हिवतापाची धास्ती किती होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. हिवतापावर तेव्हा एकच खात्रीचं औषध होतं, क्विनाइन. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीपासून ते काढत. ही झाडं मूळची दक्षिण अमेरिकेतली. इंग्रजांनी ती दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात आणि उत्तरेत दार्जिलिंगजवळ लावली, आणि सरकारी कारखान्यात क्विनाइन तयार होऊ लागलं.

औषध तयार झालं, पण ते खेड्यात पोचवायचं कसं? डॉक्टर शहरात, औषधांची दुकानं मुंबई-कलकत्त्यात. मग १८९२ मध्ये बंगालमध्ये एक साधी युक्ती निघाली. क्विनाइनच्या छोट्या पुड्या बांधायच्या आणि पोस्टातून विकायच्या, पैशाला एक पुडी. पोस्टमास्तर पत्रं द्यायचा तसा औषधही द्यायचा. पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही पसरली.

माझ्या मते देशभर पसरलेलं आपलं पहिलं औषधाचं दुकान म्हणजे पोस्ट. आजच्या कोणत्याही मोठ्या साखळीला लागतात त्या तीन गोष्टी त्यात होत्या. दुकान जवळ होतं, भाव सगळीकडे सारखा होता, आणि पुडी गरिबाच्या खिशाला परवडेल एवढी लहान होती. या तीन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढे कामाला येतील.

एका विधवेचं दुकान

आता थोडं साता समुद्रापार जाऊ. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम नावाचं शहर आहे. तिथे १८४९ मध्ये जॉन बूट नावाच्या माणसाने झाडपाल्याच्या औषधांचं छोटं दुकान काढलं. हा माणूस आधी शेतमजुरी करायचा. गिऱ्हाईक म्हणजे गिरण्यांतले गरीब कामगार. १८६० मध्ये जॉन वारला. मागे बायको मेरी आणि दहा वर्षांचा मुलगा जेसी. मेरीने दुकान बंद केलं नाही. मुलाला हाताशी घेऊन तिने ते चालवलं.

हाच जेसी मोठा झाल्यावर त्याने एक हिशेब मांडला. शहरातले बाकीचे औषधवाले थोडा माल घ्यायचे आणि जास्त नफा लावायचे. जेसीने उलट केलं. माल ठोकात घ्यायचा, नफा थोडा ठेवायचा, रोख विकायचं, आणि भाव जाहिरातीत छापायचा. बाकीचे औषधवाले चिडले, पण गिऱ्हाईक वाढत गेलं. एका दुकानाची दहा झाली, दहाची शंभर. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बूट्सची ५०० हून जास्त दुकानं होती. आजही इंग्लंडमध्ये ते नाव घरोघरी माहीत आहे.

दुकानांची साखळी स्वस्त का विकू शकते, त्याचं उत्तर या हिशेबात आहे. आपण गटात बारा जणी मिळून किराणा ठोकात घेतो तेव्हा किलोमागे पैसे वाचतात. साखळी हेच काम हजारो दुकानांसाठी करते.

आपल्या देशात औषध बनतं कुठे?

पण दुकान स्वस्त विकायला औषध मुळात स्वस्त बनायला हवं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडे ते फारसं बनत नव्हतं. १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला सुरू केली होती, आणखीही काही देशी कारखाने होते. पण महत्त्वाची नवी औषधं परदेशी कंपन्यांच्या हातात होती.

पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ मध्ये सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची त्याला मदत होती. इथे पेनिसिलीन बनू लागलं. न्यूमोनिया, चिघळलेल्या जखमा, बाळंतपणानंतरचा ताप, यांत माणसं वाचवणारं हे औषध. आपल्या देशात, आपल्या राज्यात, सरकारी कारखान्यात ते तयार होऊ लागलं, ही लहान गोष्ट नव्हती.

तरी बाकीच्या औषधांचे भाव भडकलेलेच राहिले. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने वेगवेगळ्या देशांतले औषधांचे भाव तपासले. भारतातले भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांपैकी आहेत, असं त्या समितीने नोंदवलं. देश गरीब आणि औषध सर्वांत महाग, असा उलटा कारभार!

मग १९७० मध्ये नवा पेटंट कायदा झाला आणि १९७२ पासून लागू झाला. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्या कंपनीचा मालकी हक्क. जुन्या कायद्यात कंपनीचा हक्क औषधावरच असायचा, दुसऱ्या कोणी ते बनवायचंच नाही. नव्या कायद्याने सांगितलं, हक्क औषधावर नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर. म्हणजे तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवायला आपल्या कारखान्यांना मोकळीक मिळाली. त्याच वर्षी, १९७० मध्ये, औषधांचे भाव बांधणारा सरकारी आदेशही निघाला.

पुढच्या तीस वर्षांत आपल्या देशाने औषध बनवण्यात एवढी मजल मारली की २००१ मध्ये सिप्लाने एड्सची औषधं एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. परदेशी कंपन्यांचा भाव तेव्हा १० हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या लाखो माणसांचे प्राण पुढे भारतात बनलेल्या औषधांनी वाचले. २००५ पासून आपला कायदा पुन्हा बदलला, नव्या औषधांवर पेटंट मिळू लागलं. पण आपल्या घरात रोज लागणारी बीपी, शुगर, ॲसिडिटी, ताप यांची बहुतेक औषधं जुनी आहेत. त्यांच्यावर कोणाचा मालकी हक्क उरलेला नाही.

मग ती महाग का?

बिबड्यांचा हिशेब

आपल्या गटातल्या बायका ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड करतात. व्यापारी आपल्याकडून किलोने नेतो, चकचकीत पिशवीत भरतो, वर आपलं नाव छापतो आणि दीडपट-दुप्पट भावाने विकतो. बिबडा तोच. पीठ तेच, लाटणारे हात तेच. वाढला तो नावाचा भाव.

औषधाचंही तसंच आहे. प्रत्येक औषधाला दोन नावं असतात. एक त्याचं खरं, शास्त्रीय नाव. त्याला जेनेरिक नाव म्हणतात. दुसरं कंपनीने ठेवलेलं नाव. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही कंपन्यांची नावं. पण तिन्हींच्या पोटात पॅरासिटामॉलच. कंपनीचं नाव पाकिटावर ठसठशीत मोठं असतं, खरं नाव बारीक अक्षरात.

एका बैठकीत मी बायकांना घरातली गोळ्यांची रिकामी पाकिटं आणायला सांगितली होती. शाळकरी मुलींना ती बारीक अक्षरं वाचायला लावली. दोघी शेजारणींची बीपीची गोळी एकच निघाली, ताकदही तीच, पण एकीचं पाकीट दुसरीच्या दुपटीहून महाग. दोघींचे डॉक्टर वेगळे, म्हणून नावं वेगळी. कोपऱ्यात बसलेल्या एका आजीने विचारलं, “हाऊ भाव दवाईना शे का नावना शे?” हा भाव औषधाचा आहे की नावाचा? अख्ख्या देशाच्या औषध धोरणाचा प्रश्न आजीने एका वाक्यात विचारला.

नावाचा भाव वाढतो कसा? कंपनीला आपलं नाव डॉक्टरच्या तोंडी बसवायचं असतं. त्यासाठी गावोगाव प्रतिनिधी फिरतात, त्यांना आपण एमआर म्हणतो. नमुने वाटतात, भेटी देतात, जाहिराती करतात. मग ठोक विक्रेत्याचा आणि मेडिकलवाल्याचा नफा. सरकारने भाव बांधलेल्या औषधांवर ठोकवाल्याला ८ टक्के आणि किरकोळ दुकानदाराला १६ टक्के अशी मर्यादा असते. पण ज्या औषधांचे भाव बांधलेले नाहीत, तिथे पाकिटावर किती किंमत छापायची हे पहिल्यांदा कंपनीच ठरवते. पाकिटावरची एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. ती खरी किंमत आहे असं समजू नका.

हे सरकारला माहीत नव्हतं का? होतं. १९७४ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७५ मध्ये आला. औषधांची कंपनीची नावं हळूहळू काढून टाकावीत, सुरुवात १३ औषधांपासून करावी, सगळी औषधं खऱ्या नावाने विकावीत, असं समितीने सांगितलं. तसं झालं नाही. उलट भाव बांधलेल्या औषधांची यादी आखडत गेली. १९७९ मध्ये ३४७ औषधं होती, १९८७ मध्ये १४२ झाली, १९९५ मध्ये ७४ उरली. २०१३ च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांची यादी धरून भाव बांधायची नवी पद्धत आली.

शेजारच्या श्रीलंकेने मात्र १९७१ मध्येच वेगळी वाट धरली होती. डॉ. सेनका बिबिले यांच्या पुढाकाराने तिथे सरकारी औषध महामंडळ स्थापन झालं. ते औषधं ठोकात, खऱ्या नावाने खरेदी करायचं. ‘ओसु साला’ नावाची त्याची दुकानं आजही तिथे आहेत. आपल्याकडेही लोक गप्प नव्हते. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटना आणि पुण्याचे डॉ. अनंत फडके यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं लिहीत-बोलत राहिली. अनावश्यक औषधं, उगाच दिलेली इंजेक्शनं आणि सलाईन, महागड्या नावांचा सोस, हे सगळं त्यांनी लोकांपुढे मांडलं.

सहा वर्षं, ऐंशी दुकानं

अखेर २००८ मध्ये केंद्र सरकारच्या रसायन आणि खते मंत्रालयाने जन औषधी मोहीम ठरवली. पहिलं दुकान २५ नोव्हेंबर २००८ रोजी पंजाबात अमृतसरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये उघडलं. कल्पना चांगली होती. सरकारी कारखान्यांनी औषधं द्यायची, त्यात आपली पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्सही होती. राज्य सरकारांनी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जागा द्यायची. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक दुकान उघडायचं. औषध खऱ्या नावाने, स्वस्तात विकायचं.

आणि झालं काय? २०१४ च्या मार्चपर्यंत देशभरात चालू दुकानं होती अवघी ८०. सहाशेच्या वर जिल्ह्यांच्या देशात ऐंशी!

का रखडलं, हे नीट समजून घ्या, कारण आपल्या गटांचे उद्योगही याच कारणांनी बसतात. पहिलं, माल वेळेवर येत नव्हता. सरकारी कारखाने आधीच अडचणीत होते, दुकानात दहा औषधं मागितली तर मोजकीच मिळायची. एकदा रिकाम्या हाताने परतलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. दुसरं, सगळा भार राज्य सरकारांच्या सहकार्यावर होता. जिथे ते मिळालं तिथे दुकान उघडलं, नाही मिळालं तिथे कागदावर राहिलं. तिसरं, डॉक्टर चिठ्ठीवर कंपनीचंच नाव लिहीत राहिले. चौथं, लोकांना दुकानाचा पत्ताच नव्हता. ज्यांना होता त्यांना वाटायचं, एवढं स्वस्त म्हणजे नक्कीच हलकं असणार.

ऐंशीची पंधरा हजार

२०१५ मध्ये योजनेची पुन्हा बांधणी झाली, २०१६ मध्ये नाव बदललं, प्रधानमंत्री भारतीय जनौषधी परियोजना. नाव बदलणं सोपं असतं, पण या वेळी कामाची पद्धतही बदलली.

दुकान आता फक्त सिव्हिल हॉस्पिटलात नाही, तर बाजारपेठेतही उघडता येऊ लागलं. संस्था, ट्रस्ट, डॉक्टर, बेरोजगार फार्मासिस्ट, साधी एकटी व्यक्ती, कोणीही अर्ज करू शकतो. दुकानदाराला विक्रीवर २० टक्के नफा आणि वर काही काळ सरकारकडून प्रोत्साहन रक्कम. सरकारी कारखान्यांवरच विसंबून न राहता टेंडर काढून खाजगी कारखान्यांकडून ठोकात खरेदी सुरू झाली. जेसी बूटचाच हिशेब, फक्त खूप मोठ्या आकड्यात. गुरुग्रामला मोठं कोठार, मग गुवाहाटी, चेन्नई आणि सुरत इथेही. आपली तापी जिथे समुद्राला मिळते ते सुरत!

भाव ठरवायची रीतही साधी आहे. एखाद्या औषधाच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या तीन नावांची सरासरी किंमत काढायची. जन औषधीचा भाव त्याच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही. कित्येक औषधं त्याहूनही खूप खाली मिळतात.

मग दुकानं वाढत गेली. २०१८ मध्ये तीन हजारांच्या पुढे, २०१९ मध्ये पाच हजारांच्या पुढे, २०२० मध्ये सहा हजारांच्या पुढे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी झारखंडमध्ये देवघरच्या एम्समध्ये दहा हजारावं केंद्र सुरू झालं. त्याच कार्यक्रमात बचत गटातल्या बायकांना ड्रोन देण्याची योजनाही सुरू झाली होती, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. जानेवारी २०२५ मध्ये आकडा पंधरा हजारांवर गेला. दुकानात दोन हजारांच्या आसपास औषधं आणि तीनेकशे इतर वस्तू, अशी आता यादी आहे. दर ७ मार्चला जन औषधी दिवस पाळतात.

आपल्या कामाची एक वस्तू आवर्जून सांगते. २०१८ मध्ये या दुकानांतून ‘सुविधा’ नावाचे सॅनिटरी पॅड मिळू लागले, तेव्हा एकाची किंमत अडीच रुपये होती. ऑगस्ट २०१९ पासून ती एक रुपया झाली. मासिक पाळीत अजूनही फडकं वापरणारी मुलगी आपल्या गावात असेल, तर तिला पैशाला पुडीच्या काळातली गोष्ट सांगा आणि रुपयाला पॅड मिळतं हेही सांगा.

याच काळात खाजगी साखळ्याही वाढल्या. अपोलो फार्मसी १९८७ मध्ये सुरू झाली, आज तिची सहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. हैदराबादची मेडप्लस २००६ ची, मुंबईची वेलनेस फॉरेव्हर २००८ ची. ठाण्याच्या एका तरुणाने जेनेरिक आधार ही जेनेरिक औषधांची साखळी काढली, तिला २०२० मध्ये रतन टाटांनी पाठबळ दिलं. पण खाजगी साखळी गिऱ्हाईक जिथे जास्त तिथे जाते, म्हणजे आधी मोठ्या शहरात. आणि दुकान झगमगीत असलं म्हणजे आत नावाचा भाव नसतो असं नाही.

दुकान आलं, गोळी हातात आली का?

आता खरं बोलू. आकडे मोठे आहेत, पण आपल्या पाड्यावरून, वस्तीवरून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं.

केंद्रं बहुतेक करून शहरात आणि तालुक्याच्या गावी. सातपुड्याच्या कुशीतल्या बाईला तिथे जायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. कधी कधी दुकान असतं, पण हवी ती गोळी संपलेली असते. दर्जाचा प्रश्नही लोक विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. नियम असा आहे की जागतिक दर्जाच्या उत्पादन पद्धतीचं प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडूनच माल घ्यायचा आणि प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासायची. तरी काही खेपा तपासणीत नापास झाल्या आहेत, काही कंपन्यांवर बंदीही घातली गेली आहे. पण मोठ्या नावाच्या औषधांच्या खेपाही सरकारी तपासणीत नापास होतात. स्वस्त म्हणजे हलकं हे जसं खोटं, तसं महाग म्हणजे चांगलं हेही खोटं.

सगळ्यात मोठी अडचण चिठ्ठीची. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर त्याऐवजी दुसरं औषध मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने देऊ नये, असा कायद्यातला नियम आहे. म्हणजे किल्ली डॉक्टरच्या पेनात आहे. डॉक्टरांनी खरं नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहावं, असा नियम २०१६ मध्ये आला. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो आणखी कडक केला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, आणि त्याच महिन्यात ते नवे नियम स्थगित झाले. हाथी समितीपासून आजवर जवळपास पन्नास वर्षं गेली. दुकानं पंधरा हजार झाली, पण चिठ्ठीवरचं नाव अजून कंपनीचंच.

गटाने काय करावं?

इतिहास ऐकून उपयोग काय, असं कोणी म्हणेल. ऐंशी दुकानांच्या गोष्टीतून मी एकच शिकले. मागणारं कोणी नसेल तर दुकान टिकत नाही. एकट्या बाईने डॉक्टरला विचारायला जीव दबतो, पण गावातल्या वीस जणी विचारू लागल्या की डॉक्टरलाही सवय होते. म्हणून ही कामं गटाची आहेत.

एक, आधी सरकारी दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत असतं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत आहेत. बीपी आणि शुगरच्या गोळ्या तिथे मागा, आशाताईला विचारा. तिथे मिळत असेल तर जन औषधीतही पैसे घालायची गरज नाही.

दोन, डॉक्टरांना नम्रपणे सांगा, “डॉक्टरसाहेब, औषधाचं खरं नाव लिहून द्या, आम्हाला जन औषधीतून घ्यायचं आहे.” यात लाजण्यासारखं काही नाही.

तीन, आपल्या मनाने गोळी बदलू नका. खरं नाव आणि ताकद, म्हणजे किती मिलिग्रॅम, दोन्ही जुळायला हवं. काही गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, ती सगळी जुळायला हवीत. फिट्सची, थायरॉईडची, हृदयाची गोळी बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. बिल जरूर घ्या, आणि पाकिटावरची मुदतीची तारीख बघा.

चार, जाणं-येणं वाटून घ्या. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. एका गोळीच्या पाकिटासाठी प्रत्येकीने तालुक्याला जाण्यापेक्षा महिन्याला एकीने सगळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन जावं, प्रत्येकीचं औषध आणि बिल वेगळं आणावं. पाळी लावा, भिशीसारखी. निघण्याआधी ‘जनऔषधी सुगम’ या मोबाईल ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाचा भाव बघता येतो. घरातली कॉलेजची मुलगी ते दोन मिनिटांत दाखवेल.

पाच, आणि हे थोडं मोठं स्वप्न. केंद्र आपणच का काढू नये? निदान १२० चौरस फूट जागा आणि नोंदणी झालेला फार्मासिस्ट, या मुख्य अटी. दुकान चालवणाऱ्याने स्वतः फार्मासिस्ट असायलाच हवं असं नाही, नोकरीवर ठेवला तरी चालतो. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि नंदुरबारसारखे आकांक्षित जिल्हे यांना फर्निचर आणि कॉम्प्युटरसाठी वेगळी मदत ठेवलेली आहे. अर्ज करताना चालू नियम नीट वाचून घ्या. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने दोन हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांना, म्हणजे आपल्या गावच्या विकास सोसायट्यांना, केंद्र उघडायला परवानगी द्यायचं ठरवलं. तुमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय काढा, तिथे आपणही सभासद आहोत. आणि फार्मासिस्ट शोधायला लांब जायला नको. शिरपूरला, चोपड्याला, फैजपूरला फार्मसी कॉलेजं आहेत, आपल्याच शेतकऱ्यांच्या मुली तिथे शिकतात. पदविका घेऊन त्या पुण्या-नाशिकला नोकरी शोधतात. त्यांना आपल्याच बाजारगावात उभं करता आलं तर?

दुकान काढायचं तर ऐंशी दुकानांची चूक आपण करायची नाही. आधी पंचक्रोशीतल्या गटांत मोजणी करा. किती घरांत बीपी, किती घरांत शुगर, महिन्याला कोणती गोळी किती लागते. तेवढी गिऱ्हाईकं बांधलेली असतील तरच पुढचं पाऊल टाका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातलं एक रिकामं पाकीट आणि मेडिकलचं एक बिल आणा. बारीक अक्षरातलं खरं नाव मोठ्याने वाचा, वहीत लिहा, भाव शेजारी मांडा. आणि कर्जाच्या रजिस्टरात जिथे ‘आजारपण’ लिहिता, तिथे त्यातला औषधाचा खर्च किती, हेही लिहायला लागा. सहा महिन्यांनी ग्रामसंघात ते आकडे वाचून दाखवू. आकडे हातात असले की तहसीलदार असो की डॉक्टर, आपलं म्हणणं ऐकावंच लागतं.

तब्येतीला जपा. राम राम!